घोंगडीचा कोरा कोपरा

घरात छत्री उघडून बसणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचा. पेडगावकर डॉक्टर. परभणीच्या गुरांच्या दवाखान्यामागं पत्र्याची एक प्रयोगशाळा होती, तिचे ते मुख्य, आणि माझे यजमान तिथले कंपाउंडर. पत्र्याखालच्या वाशांवर पाली फिरायच्या. पाल खांद्यावर पडली तर काय, डोक्यावर पडली तर काय, हे डॉक्टरांच्या आईनं त्यांना लहानपणीच पाठ करून दिलेलं. मग काय, शहरात जाऊन एवढा शिकून आलेला माणूस डोक्यावर काळी छत्री घेऊन काचेच्या नळ्या न्याहाळत बसायचा. छत्रीची दांडी खुर्चीच्या पाठीला सुतळीनं बांधलेली असायची.

लग्न होऊन त्या क्वार्टरात आले तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि तोंडात पदर कोंबून हसले. हे म्हणाले, "हसू नकोस. साहेब भितात म्हणून आपण जिवंत आहोत." तेव्हा कळलं नाही. त्या खोलीत काळपुळीनं मेलेल्या बैलाचं रक्त असतं, घटसर्पाचे जंतू असतात, हे पुढं कळलं आणि माझं हसणं बंद झालं. भिंतीपलीकडं मरण बाटलीत भरून ठेवलंय म्हटल्यावर कुणाला झोप लागेल? डाळ धुताना, पोळी लाटताना माझं अर्धं लक्ष त्या भिंतीकडं असायचं.

डॉक्टर सगळ्यालाच भ्यायचे. विंचवाच्या धास्तीनं बूट काठीनं उलटे करून आपटल्याशिवाय त्यात पाय घालायचे नाहीत. विहिरीत वाकून बघायचे नाहीत. तालुकदारसाहेबांची, म्हणजे तिथल्या कलेक्टरांची, मोटार लांबच्या रस्त्यानं गेली तरी खुर्चीतून उठून उभे राहायचे; मोटारीतल्याला ते दिसायची सोय नसायची, तरी. सगळ्यात मोठी भीती मात्र पाठीमागची. कुणी मागं उभं राहिलेलं त्यांना खपतच नसे. आमच्याकडं जेवायला आले तरी आधी पाट सरकवून पाठ भिंतीला लावायचे. मी वाढायला मागून आले की घास हातातच. "वहिनी, समोरून या, समोरून."

एकदा मी चिडले. म्हटलं, "डॉक्टर, मी काय पाठीत सुरी खुपसणार आहे का?"

तर म्हणाले, "तुम्ही नाही हो. पण माझ्या पाठीला कुठं कळतंय कोण आहे ते?"

तेव्हापासून मी वळसा घालून समोरूनच वाढायला लागले.

जेवतानाचा आणखी एक चाळा होता. मी वरण केलं की त्यांना बिनमिठाचं, बिनफोडणीचं थोडं वरण वाटीत वेगळं लागे. आधी ते चाखायचं, मग फोडणीचं. म्हणायचे, "कोरं बाजूला ठेवल्याशिवाय फोडणीनं काय केलं ते कसं कळणार?" शेजारच्या काकू म्हणाल्या, वैद्याच्या पुडीनं नातवाचा ताप उतरला, तर डॉक्टर विचारायला गेले की पुडी न घेतलेल्या पोरांचा उतरला का. काकू महिनाभर बोलल्या नाहीत. पण त्यांचं सगळं काम त्या एका बोलण्यावर चालायचं. औषध घातलेल्या नळीशेजारी एक कोरी नळी ठेवलेली असायचीच, आणि ती ठेवायला विसरलं तर माझ्या यजमानांवर सुद्धा, बारीक आवाजात का होईना, ते रागवायचे.

त्या प्रयोगशाळेत ससे होते. बाहेरच्या पडवीत पिंजरे, आणि माझ्या भाजीचे देठ रोज तिकडं जायचे. सशांचं काम काय, तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कुठल्याही प्राण्याचं रक्त साखळलं की वर पिवळसर पाणी सुटतं. त्याला सीरम म्हणतात. मेंढीचं सीरम सशाला थोडंथोडं टोचत राहिलं की सशाचं रक्त मेंढीवर डूख धरतं. मग त्या सशाच्या कानातून रक्त काढायचं, त्याचं सीरम बारीक नळीत घालायचं, आणि त्यावर संशयाच्या डागाचं पाणी अलगद सोडायचं, मिसळू द्यायचं नाही. डाग मेंढीच्या रक्ताचा असेल तर दोन्ही पाणी जिथं टेकतात तिथं पांढरं कडं उठतं. दुसऱ्याचं असेल तर नाही. वाळून कोळसा झालेला डागसुद्धा असा बोलतो.

अशी सीरमं पूर्वी परदेशातून सीलबंद यायची. लढाई सुरू झाली आणि बाटल्या बंद झाल्या. डॉक्टरांनी गाय, शेळी, मेंढी सगळ्यांची इथंच तयार केली. मग शहरातल्या मोठ्या कचेरीनं कळवलं की माणसाच्या रक्ताचं ओळखायचं सीरमही संपलंय, जमलं तर तेही करा. आता माणसाचं रक्त आणायचं कुठून? कुणाकडं मागितलं तर गावभर व्हायचं की सरकारी डॉक्टर माणसांचं रक्त काढायलाय. या भीतीपोटी त्यांनी स्वतःचंच द्यायचं ठरवलं. सुई बघितली की त्यांना घाम फुटायचा, तरी. यजमानांनी दंडाला रबर बांधलं. डॉक्टर डोळे मिटून "झालं का? झालं का?" म्हणत होते, आणि सुई अजून टेकलीही नव्हती. टेकली तेव्हा गडी आडवा. मी गुळाचं पाणी घेऊन धावले. असं त्यांनी पुन्हा पुन्हा दिलं आणि दर वेळी आडवे झाले.

ज्या सशाला ते टोचलं त्याच्याकडं मग ते सरळ बघेनात. म्हणाले, "वहिनी, याच्या अंगात माझा वैरी तयार होतोय. आणि तो मीच पोसायलोय."

बाई गं, त्या दिवसापासून त्या सशाला देठ मी लांबूनच टाकले.

पावसाळा संपता संपता अमीनसाहेब घोड्यावरून आले. अमीन म्हणजे त्या काळचा पोलीस फौजदार. त्यांचा घोडा फाटकाशी थांबला की रस्त्यावरची पोरं घरात पळायची आणि बाया दारं लोटून घ्यायच्या. शिपायानं एक गाठोडं आणलं, लाख लावून बंद केलेलं. आत एक काळी घोंगडी आणि एक काठी. पालमकडच्या एका गावात देशमुखाचा कारभारी ओढ्यात मरून पडलेला सापडला होता. त्याच्या डोक्यावर मार होता. त्या दिवशी तिथून मेंढरं घेऊन गेलेला सटवाजी नावाचा धनगर धरला होता. त्याच्या घोंगडीवर रक्त. तो म्हणे, लांडग्यानं मेंढी धरली, ती काठीनं सोडवून खांद्यावर आणली. मेंढी वाटेतच मेली, पुरलेली जागा कोल्ह्यांनी उकरली. त्याच्या बोलण्याला मेंढरांशिवाय साक्षीदार नव्हता. शहरात सीरम नाही म्हणून मुन्सिफसाहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, गाठोडं आमच्याकडं पाठवलं होतं. खटला वरच्या कोर्टात पाठवायचा की नाही, ते त्यांनाच ठरवायचं होतं.

"माणसाचं रक्त आहे एवढं लिहा," अमीनसाहेब म्हणाले. "बाकीचं आम्ही बघतो."

सटवाजीची आई गंगाबाई त्या गाठोड्यामागं चालत आली होती. पालमहून परभणी, पायी. फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसली ती बसलीच. भाकरी दिली तर कपाळाला लावून बाजूला ठेवायची. कुणाशी बोलायची नाही. घोड्याच्या टापा ऐकल्या की मात्र झाडाच्या पलीकडं सरकायची.

डॉक्टरांनी घोंगडीच्या डागाचा तुकडा कापला, मिठाच्या पाण्यात भिजवला, आणि ते पाणी आपल्या रक्तावर डूख धरलेल्या सशाच्या सीरमवर सोडलं. अमीनसाहेब खुर्चीवर बसून बघत होते. थोड्या वेळात कडं उठलं. पांढरं, स्वच्छ.

यजमान घरी आले ते पांढरेफटक. "कडं आलं," म्हणाले, आणि पाणी न पिताच बसून राहिले. खिडकीतून मला लिंबाखालची गंगाबाई दिसत होती. त्या बाईला कोण सांगणार?

अमीनसाहेब म्हणाले, लिहून द्या. डॉक्टर म्हणाले, उद्या. "उद्या का? कडं दिसलं ना?" डॉक्टरांचे दात वाजत होते म्हणतात. पण म्हणाले, "कोरं बघायचं राहिलंय, साहेब." अमीनसाहेबांना त्यातलं काही समजलं नाही, ते नुसतेच हसले आणि गेले.

मग डॉक्टरांनी घोंगडीचा एक कोपरा शोधला. त्यावर रक्ताचा शिंतोडाही नव्हता, भिंगातून बघून खात्री केली. तो कापला, भिजवला, सीरमवर सोडला. कडं आलं! रक्त नाही तिथं कडं! मग त्यांनी एका साध्या सशाचं सीरम घेतलं. त्याला कधी काही टोचलेलं नव्हतं, त्याचं कुणाशीच वैर नव्हतं. त्यातही कडं. म्हणजे हे कडं रक्ताचं नव्हतंच. घोंगडीत दुसरंच काहीतरी होतं, आणि कशालाही बघून ते गढूळत होतं.

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. डॉक्टर आमच्या स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकून बसले, ताटाला हात लावला नाही. म्हणाले, "वहिनी, पहिलं कडं पाहून मी लिहून दिलं असतं तर?" मी त्यांना तेव्हा हसले नाही. माझेच हात कणकेत थांबले होते.

काय असावं घोंगडीत? ते फक्त गंगाबाईला माहीत. डॉक्टर लिंबाखाली गेले. मी बरोबर होते, बाईमाणूस असलेलं बरं म्हणून.

"आजी, घोंगडी कुणी विणली?"

"सनगरानं."

"नंतर तिला काय लावलं होतं?"

तिचे डोळे एकदम लहान झाले. "काय न्हाई लावलं. कायबी न्हाई. पोरानं कायबी केलं न्हाई."

"आजी, मी तसं नाही विचारत..."

"आमी गरीब मानसं हाव, डाक्टर. आमी काय लावनार?"

बोलेल तो शब्द पोराच्या गळ्यात पडेल, अशी तिची समजूत झाली होती. डॉक्टर उभ्याचे खाली बसले. मातीत, धोतराची पर्वा न करता. तेही झाडाच्या बुंध्याला पाठ लावून. म्हणाले, "आजी, मीबी लय भ्यालोय. अमीनसाहेबाला भ्यालोय, माझ्या हातून चूक होईल म्हणून भ्यालोय. रात्रंदिवस भितो मी. तुमी भिऊ नका असं न्हाई म्हणत. पण दोघं भ्यालेले मिळून बोलूत तरी."

सरकारी माणूस कधी असं बोलतो का? मग म्हातारी हळूच म्हणाली, "खळ दिली हुती, बाप्पा. चिचुक्याची. सगळेच देतेत की. पानी आत शिरू नाही म्हनून. मीच दिली, ह्या हातानं. चिचुके भाजले, दळले, शिजवून लावले. त्याच्यानं पोराला फास हुईल का?"

चिंचोक्याची खळ! आमच्या मुलखात कुठल्या घोंगडीला ती नसते? घोंगडी ताठ व्हायला, पावसात टिकायला, सगळे देतात. पण सशांची आणि सीरमांची ही विद्या जिथून आली तिथं घोंगडी कुठली आणि खळ कुठली! डॉक्टरांनी आमच्या घरची कोरी करकरीत घोंगडी नेली, तिचा तुकडा भिजवला. कडं. मोंढ्याच्या बाजारातून नुसती लोकर आणून भिजवली. काही नाही. चिंचोके शिजवून त्याचं पाणी सोडलं. कडं.

राहिली काठी. काठीला खळ नसते. पुसलेली होती, पण टोकाला ठोकलेली लोखंडी शेंबी काढल्यावर तिच्याखाली रक्त मुरलेलं निघालं. माणसाच्या सीरमला ते बोललं नाही. मेंढीच्या सीरमला लगेच कडं आलं. सटवाजी खरं सांगत होता.

हे अमीनसाहेबांच्या कानावर गेलं. ते आले ते मागच्या दारानं, डॉक्टर छत्रीखाली बसले असताना, आणि खुर्चीच्या अगदी मागं उभे राहिले. यजमान समोरच होते. अमीनसाहेबांनी आवाज चढवला नाही. सुतळीनं बांधलेल्या छत्रीच्या दांडीवर बोटं वाजवत म्हणाले, "देशमुखसाहेबांना उत्तर मला द्यावं लागतं, डॉक्टर. पहिलं कडं मी डोळ्यांनी पाहिलंय. तेवढंच लिहा. परभणीत राहायचंय ना? रस्ते चांगले नाहीत हल्ली."

त्या संध्याकाळी डॉक्टरांना ताप भरला. मला वाटलं, संपलं. भित्रा माणूस, लिहून देईल. मी त्यांना दोषही दिला नसता. खरं सांगते, आम्ही दोघं नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना म्हणालो की लिहून द्यावं आणि सुटावं. यजमानांनी तसं सुचवलंही. डॉक्टर पांघरुणातून म्हणाले, "लिहिलं तर जन्मभर पाठीमागं सटवाजी उभा राहील. तो अमीनसाहेबांपेक्षा जास्त भीतीचा."

त्यांनी मुन्सिफसाहेबांना निरोप पाठवला की नुसतं तोंडानं सांगून भागणार नाही, येऊन बघा. आणि मुन्सिफसाहेब खरंच टांग्यानं आले. वयस्क, पांढरी दाढी, हातात काठी. दवाखान्याच्या ओसरीवर टेबल मांडलं. सटवाजीला बेड्या घालून आणलं होतं. काटकुळा तरुण, खाली मान. मी आणि गंगाबाई आमच्या खिडकीच्या गजांमागं. तिनं माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बांगडी पिचली.

डॉक्टरांनी आधी स्वतःचं बोट टोचलं. आडवे होतात की काय म्हणून यजमान पुढं सरकले, पण नाही झाले. सीरम जिवंत आहे हे दाखवायचं तर माणसाचं रक्त हवंच होतं. मग नळी घेतली, आणि हात थरथरायला लागला. ते पाणी तर अलगद सोडावं लागतं! धक्का बसला की दोन्ही मिसळणार, कडं दिसायचंच नाही. पहिली नळी बिघडली. दुसरी बिघडली. अमीनसाहेब त्यांच्या खुर्चीमागं हाताची घडी घालून उभे होते. हसले.

"इनको तो कुछ आताच नहीं, हुजूर."

मुन्सिफसाहेब म्हणाले, "आराम से, डॉक्टरसाब."

डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. म्हणाले, "हुजूर, माझ्यामागं कुणी उभं राहू नये. अमीनसाहेबांना समोर यायला सांगा."

अख्ख्या परभणीत अमीनसाहेबांना 'इकडं या' म्हणणारा माणूस नव्हता. मग मुन्सिफसाहेबांनी काठीनं समोरची जागा दाखवली. अमीनसाहेब आले. लालबुंद झाले होते. डॉक्टरांनी खुर्ची ओढून भिंतीला लावली, पाठ टेकली, कोपर गुडघ्यावर रोवलं आणि नळी हातात घेतली.

त्यांच्या बोटाचं रक्त: कडं. काठीचं रक्त माणसाच्या सीरमवर: काही नाही. मेंढीच्या सीरमवर: कडं. घोंगडीचा कोरा कोपरा: कडं. नुसती चिंचोक्याची खळ: कडं. मुन्सिफसाहेबांनी एकेक नळी काळ्या कापडासमोर धरून बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "यानी ये घोंगडी हर किसी पे उंगली उठाती है. ऐसे गवाह को हम नहीं मानते."

गंगाबाईला उर्दू कळलं नसावं. ती मला विचारत राहिली, "काय म्हनलं माय? काय म्हनलं?" मी रडतरडतच तिला सांगितलं, घोंगडीची साक्ष धरणार नाही म्हणाले.

सटवाजी सुटला. आणि आमची खरी भीती तिथून सुरू झाली. अमीनसाहेबांचा घोडा आता रोज फाटकावरून जायचा, थांबायचा नाही, नुसता सावकाश जायचा. एक दिवस सकाळी पिंजऱ्यांची दारं उघडी सापडली आणि सगळे ससे मान मुरगळलेले. डॉक्टरांनी त्या दिवसापासून बाहेर पडणंच सोडलं. महिन्याभरात बदलीचा हुकूम आला, लांब, तेलंगणाकडं. स्टेशनापर्यंतचा रस्ता सुद्धा त्यांना पार होईल असं वाटेना.

आम्ही टांग्यानं पोचवायला गेलो. फलाटावर गाडीला वेळ होता. दाराशी अमीनसाहेबांचे पोलीस उभे होते. खांब सगळे अडलेले, भिंतीशी पोती रचलेली. पाठ टेकायला जागाच नव्हती. डॉक्टर आपली पेटी फलाटाच्या मधोमध ठेवून तिच्यावर बसले, छत्री उघडी. मला वाटलं, आता हे गाडी येईपर्यंत गरगर मागं बघत राहणार. तेवढ्यात लोकांतून वाट काढत सटवाजी आला. पालमहून चालत आला होता. हातात तीच काठी, शेंबी परत ठोकलेली. खांद्यावरची नवी घोंगडी डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली. मी हात लावून पाहिला, मऊ होती. म्हातारीनं तिला खळ दिलीच नव्हती.

मग तो त्यांच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. पाय रोवून, काठी टेकून, पोलिसांकडं तोंड करून. मी डॉक्टरांकडं बघत होते. त्यांचे खांदे आधी वर आले, ताठले. मग हळूहळू खाली बसले. त्यांनी छत्री मिटली आणि मांडीवर आडवी ठेवली. गाडी येईपर्यंत ते तसेच बसून होते, रुळांकडं बघत, आणि एकदाही त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.